नऊ नंबरची खोली आणि प्रज्ञा मॅडम

नऊ नंबरच्या खोलीत पाणी गळत नव्हतं. मी खोटं बोललो.

प्रज्ञा मॅडम काल अकोल्याच्या दवाखान्यात वारल्या. सकाळपासून सगळे इथे त्यांचा फोटो टाकत आहेत. आमच्या प्राचार्यांनीही टाकला. खाली लिहिलं आहे, 'लँग्वेज लॅबचं त्यांचं स्वप्न अपुरं राहिलं.'

ते आपोआप अपुरं राहिलं नाही, सर. तुम्ही ठेवलं. आणि मी तुम्हाला हात दिला.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मी नांदुऱ्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं शिपाई होतो. शिक्षण सातवी. पोरं मामा म्हणायची. मॅडमही मामाच म्हणायच्या. लिहिण्यात चुकलंमाकलं असेल तर समजून घ्या.

मॅडम मराठी शिकवायच्या. त्यांच्या मनात होतं की मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, चारही विभागांची मिळून एकच लॅब करायची. कॉम्प्युटर, हेडफोन, माईक. पोरीनं बोलायचं, आपला आवाज आपण ऐकायचा, परत बोलायचं.

संध्याकाळी गावातल्या लोकांसाठी उघडी. दुकानात काम करणाऱ्या बाया, दवाखान्यातल्या आया, कोणीही या.

पण आमचं कॉलेज रुळांजवळ. माईकमध्ये पोरीच्या आधी गाडीच बोलली असती.

म्हणून आम्ही दोघं पंधरा दिवस खोल्या ऐकत फिरलो. गाड्यांच्या वेळा मला पाठ. मी म्हणायचो, आता मालगाडी येते, की मॅडम दार लावून डोळे मिटून बसायच्या.

"मामा, आली का ऐकू?"

"आली ना मॅडम. भिंत हालून राह्यली."

मग पुढची खोली.

नऊ नंबरमध्ये गाडी आली न् गेली, आम्हाला पत्ता नाही. मागच्या बाजूची खोली, जाड भिंती, आत मोडकी बाकं. बाहेर धो धो पाऊस होता आणि आतली फरशी कोरडी ठाक. मॅडम लहान पोरीसारख्या हसल्या.

त्यांनी चार्टपेपरवर नकाशा काढला. टेबलं कुठे, कोणाचा तास कधी, चार रंगांच्या पेनांनी. लाईट कधी जाते, ऊन कोणत्या खिडकीतून येतं, सगळं मला विचारून.

एवढं मला नोकरीत कोणी विचारलं नव्हतं.

मग मीटिंग झाली. सकाळचा तास कोणाला यावरून चारही विभाग भांडले. इंग्रजीचे सर म्हणाले, मराठीला लॅब कशाला, ती तर घरीच येते. सगळे हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "सर, वरवट बकालची एक पोरगी माझ्या वर्गात वर्षभर बोलली नाही. 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं की मागची पोरं हसतात. तिचा आवाज एकदा तिच्याच कानात नीट पडू द्या. मग बघा."



मला वाटलं, जमलं.

पण प्राचार्यांना ती खोली पाहुण्यांना बसायला हवी होती. दोन दिवस आधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. माझी सून लायब्ररीत टेम्पररी होती. तिचं जूनमध्ये पाहू म्हणाले. आणि मी दाराशी गेल्यावर म्हणाले, "मामा, त्या नऊ नंबरमध्ये पावसाळ्यात पाणी येतं म्हणतात, नाही का?"



मीटिंगमध्ये मी चहाचा ट्रे घेऊन उभा. प्राचार्य म्हणाले, मामांना विचारा, इमारत त्यांना माहीत आहे.

"हो सर. पाणी येते. मशिनी खराब होतील."

मशिनींचं तर मला कोणी सांगितलंही नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग चार्टपेपर गुंडाळला.

आता तिथे सोफा आहे. एसी आहे. पाहुणे वर्षातून दोनदा येतात.

मॅडम व्हरांड्यात शिकवायला लागल्या. स्वतःचा मोबाईल, एक हेडफोन, चार पोरी. गाडी आली की त्या हात वर करायच्या आणि पोरी बोलता बोलता थांबायच्या.

मालगाडी केवढी लांब असते, ते एवढ्या वर्षांत मला तेव्हा कळलं.

एक दिवस मी घंटेजवळ उभा होतो. मॅडम आल्या.

"मामा, तुम्हाला कोणी काही बोललं होतं का?"

"नाही मॅडम."

"बरं," म्हणाल्या. परत कधी विचारलं नाही.

सांगायची वाट त्यांनी करून दिली होती. मी तिथेही घाबरलो.

सून जूनमध्ये पक्की झाली. आजही तिथेच आहे. आमच्या घरची चूल त्यावर चालते.

हे लिहिलं आणि आधी तिलाच वाचायला दिलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. वाचून फोन परत देत म्हणाली,

"मॅडम रोज लायब्ररीत येत होत्या, बाबा. मले म्हणत, मन लावून कर पोरी. कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत."



म्हटलं, तू म्हणशील तर पुसून टाकतो. मनातून वाटत होतं, म्हणू दे पुसा.

"पुसू नका, टाका," ती म्हणाली. "सायबापुढं कशी जाऊ, ते माझं मी पाहीन."

उद्या अकरा वाजता कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा आहे. जुने म्हणून मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. तिथे प्राचार्य समोर बसलेले असतील. तोंडातून आवाज निघेल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून आजच इथे लिहून ठेवलं. आता मागे फिरता येणार नाही.

सगळ्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं आहे. माझ्या हातानं ते शोभणार नाही.

मॅडम, चूक माझी होती.

शेवटचा जय भीम.