बर्फावर मी, कठड्यावर आई

माझ्या आईला बर्फावर धड उभंसुद्धा राहता येत नव्हतं, तरी ती मला फिगर स्केटिंग शिकवायची. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. ती हे वाचेल तेव्हा लगेच फोन करून विचारेल, "मग? चुकीचं शिकवलं का काही?" तेच तर दुखणं आहे. फारसं चुकीचं ती कधी शिकवायची नाही.

तेव्हा आम्ही मयूर विहारला राहायचो आणि बाबांचं ऑफिस गुडगावला होतं. गुडगावात जिथे तिथे मॉल उभे राहत होते आणि त्यातल्या एकाने अगदी वरच्या मजल्यांवर खराखुरा बर्फ अंथरला. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, वाहायची आणि आत आम्ही मुली हातमोजे घालून गोल गोल फिरायचो. माझी सुरुवात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पार्टीत झाली. बाकीची पोरं भिंत धरून किंचाळत होती, मी भिंत सोडली आणि पडले नाही. आईने तेवढंच पाहिलं आणि ठरवून टाकलं. पुण्याच्या मावशीला फोन केला तर तिने आधी विचारलं, "दिल्लीत कुठे आलाय बर्फ?" आणि मग, "दहावीला याचे मार्क धरतात का गं?" आईचा तिळपापड झाला.

पुढची काही वर्षं आमची पहाट मॉलच्या मागच्या दाराने सुरू झाली. दुकानांची शटर खाली, पुतळ्यांच्या अंगावर चादरी, सरकते जिने बंद. बाबा आम्हाला सोडून गाडीतच एक डुलकी काढायचे आणि मग ऑफिसला जायचे. शनिवार-रविवारी मात्र ते वर येऊन चहा पीत बसायचे. आई नोएडाच्या एका ऑफिसात हिशेब बघायची, तिथे ती मेट्रोने उशिरा पोचायची आणि साहेबाला रोज नवीन कारण सांगायची. रात्री मी झोपले की ती कम्प्युटरवर परदेशी स्पर्धांचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघायची. महिन्याभरात तिला उड्यांची नावं पाठ झाली. वर्षभरात ती टीव्हीवरच्या परीक्षकांशी भांडायला लागली.

आमचे सर तिशीतले होते. पूर्व दिल्लीतल्या सिमेंटच्या मैदानावर चाकांचे स्केट घालून वाढलेले, मग परदेशात जाऊन बर्फावरचं शिकून आलेले. केसांना जेल, हातात काळे चामडी हातमोजे, चेहऱ्यावर सतत कुणीतरी फोटो काढत असल्याचा भाव. आम्हा मुलींच्या आया समोर असल्या की ते चुकूनही पडत नसत. आया नसल्या की मजेत पडायचे आणि बर्फावर बसून स्वतःसाठीच टाळ्या वाजवायचे. शिवाय तास संपला, की बर्फ साफ करणारं मशीन येईपर्यंत ते आम्हाला मोकळं सोडायचे. "जो मर्ज़ी करो यार, मैं नहीं देख रहा," म्हणून खरोखरच पाठ फिरवायचे. मी तेव्हा गरुड करायचे. दोन्ही पावलं दोन दिशांना उघडायची, हात पसरायचे आणि आडवं, लांब, कमानीत घसरत जायचं. त्याला गुण फारसे मिळत नाहीत. मला तेच सगळ्यात आवडायचं, आणि त्यासाठी मला सर आवडायचे.

सुरुवातीला आया काचेच्या कठड्याला नाक लावून उभ्या असत. बाकीच्या आया हिंदीत सूचना द्यायच्या, त्या सरांना कळायच्या आणि सर त्यांना गप्प करायचे. आईला वाटलं आपलं बरं आहे. ती बिनधास्त मराठीत ओरडायची, "गुडघा वाकव! अगं खांदा बघ, खांदा! ते काय सांगतात त्याच्याकडे लक्ष नको देऊस आत्ता!" शेवटी एका आईनेच तक्रार केली, की या बाई परक्या भाषेत वेगळी कोचिंग चालवतात, हे बिल्कुल चीटिंग आहे. सरांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्या आयांना वरच्या मजल्यावर पाठवून दिलं. तिथे खाण्याचे स्टॉल होते आणि एक लांब कठडा, जिथून खालचा बर्फ दिसायचा. इतक्या उंचीवरून ओरडलं तरी मला ऐकू येत नसे.

आई हार मानणारी नव्हती. घरी तिने मला खुणा शिकवल्या. पर्स उजव्या खांद्यावर घेतली की माझा उजवा खांदा पडतोय. हात डोक्यावर ठेवला की हनुवटी वर. मोबाइल कानाला लावला की वेग कमी. आणि पाण्याची स्टीलची बाटली उंच धरली की डबल, म्हणजे उडीत हवेत एकाऐवजी दोन गिरक्या घ्यायच्या. मी चष्मा रबरी पट्ट्याने डोक्याला बांधायचे, त्यामुळे मला बाटली स्वच्छ दिसायची. इतर आयांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. थोड्याच दिवसांत वरचा अख्खा कठडा कामाला लागला. कुणी रुमाल हलवतेय, कुणी शाल झटकतेय, एक तर थर्मासचं झाकण उघडझाप करत असायची. सरांनी वर मान केली की सगळ्याजणी साळसूदपणे पॉपकॉर्नच्या मशीनकडे बघायला लागत. खाली आम्ही मुली एकमेकींकडे बघायचं टाळायचो, नाहीतर हसून पडलो असतो.

सगळं असं मजेत चाललं होतं, आणि मग माझा घोटा दुखायला लागला. मॉलमध्येच स्पर्धा होणार होती. सरांनी घोटा दाबून पाहिला आणि सांगितलं, "इस बार सिंगल, बेटा." आईला यात डाव दिसला. सरांकडे आणखी एक मुलगी होती, चांगली स्केट करायची आणि तिचे वडील सरांना घरी जेवायला बोलवायचे. "तिला पुढे आणायचंय त्याला," आई म्हणाली, "म्हणून तुझा पाय दुखतोय." मी म्हटलं, पाय माझा मलाच दुखतोय. पण त्याच बर्फावर एक मॅडमही शिकवायच्या आणि त्या म्हणे प्रत्येक मुलीकडून डबल करून घ्यायच्या. आईने निकाल दिला, स्पर्धेत डबल केली नाहीस तर पुढच्या महिन्यापासून मॅडमकडे. मी हे सरांना सांगितलं. वाटलं होतं ते विरघळतील. त्यांनी हातमोजे काढले आणि म्हणाले, "इस पैर पे डबल मारा तो मैं नहीं सिखाऊँगा. मम्मी को बोल देना."

म्हणजे डबल केली तर सर जाणार आणि नाही केली तरी सर जाणार. मी पुरती कात्रीत सापडले. रात्री बाबांना विचारलं, काय करू? बाबा म्हणाले, "मी ड्रायव्हर आहे. कुठे सोडायचं ते सांगा." मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

स्पर्धेला मॉल गच्च भरला होता. निम्मे लोक हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन नुसते थंड हवेसाठी थांबलेले. स्केटिंगमध्ये एक रीत आहे. नाच संपला की मुलगी आणि तिचे कोच एका बाकावर शेजारी शेजारी बसतात आणि सगळ्यांसमोर गुणांची वाट बघतात. आमच्याकडे बाक नव्हता, म्हणून खालच्या फर्निचरच्या दुकानातून एक पांढरा सोफा मागून आणला होता. त्याच्यावरचं प्लास्टिक दुकानदाराने काढू दिलं नव्हतं.

माझं नाव पुकारलं. सरांनी कठड्यापाशी एक बोट वर केलं, म्हणजे सिंगल. वर पाहिलं तर आईने बाटली आतापासूनच उंच धरली होती. मी वाकून बुटाची नाडी घट्ट केल्यासारखं केलं आणि चष्मा काढून कोपऱ्यातल्या बॅगेत टाकला. काचेच्या कठड्यापलीकडचं सगळं जग एकदम पुसट झालं. कुठलं बोट आणि कुठली बाटली, काहीच दिसेना.

संगीत सुरू झालं. नेहमीच्या गिरक्या झाल्या, एक छोटी उडी झाली. मग तो कोपरा आला, जिथे ती मोठी उडी होती. तिथे पोचेपर्यंत मी काहीही ठरवलं नव्हतं, हे अगदी खरं. माझी पावलं उघडली, हात पसरले आणि मी आडवी घसरत निघाले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाजत असलेली अख्खी ओळ संपेपर्यंत. गार वारा तोंडावर येत होता. आत्ता सगळे ओरडत असतील, असा विचार मनात आला आणि मला हसू फुटलं.

मी बाहेर आले तेव्हा आई जिना उतरून पोचली होती. आयांना तिथे मज्जाव होता, पण तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. सोफ्यावर मी मध्ये, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला आई. प्लास्टिक करकरलं.

"बेटा, वो क्या था?" सर म्हणाले. "डबल भी गया, सिंगल भी गया?"

आई माझ्या डोक्यावरून त्यांच्याकडे वळली. "आपने बोला था ना इसको?"

"मैंने? मैम, मैं समझा आपने ऊपर से कुछ इशारा किया."

"मैं ऐसा इशारा क्यों करूँगी? मैंने तो बॉटल..." आई थांबली.

"अच्छा!" सरांचे डोळे चमकले. "बॉटल मतलब डबल? और पर्स?"

"खांदा," आई मराठीतच म्हणाली.

"मैं तो साल भर से सोच रहा हूँ कि पर्स मतलब घर चलो."

गुण लागले. मी शेवटून दुसरी आले होते. त्याकडे दोघांनी पाहिलंही नाही, कारण आता दोघं मिळून माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते तेव्हा झालं.

"चष्मा कुठाय तुझा?" आईने विचारलं.

"बॅगेत."

"मग तुला दिसलं काय?"

"बर्फ दिसत होता," मी म्हटलं. "तुम्ही दोघं दिसत नव्हता. फार बरं वाटलं."

बोलल्यावर मला वाईट वगैरे वाटलं नाही. हायसं वाटलं. सरांना हसू आलं आणि आईचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग मला ओळखीचा होता, हे काहीतरी वेगळं होतं आणि ते मला बघवेना.

गुडगावहून निघाल्यापासून आई गाडीत बोलली नव्हती. असं कधी झालं नव्हतं. बाबांनी घाबरून रेडिओ लावला आणि घाबरून बंद केला. यमुनेच्या पुलावर आल्यावर ती म्हणाली, "मॅडमकडे नाही जायचं. सरांना सांगून आलेय मी. पाय बरा झाला की डबल, तेही ते म्हणतील तेव्हा. आणि मी बघणार नाही."

"आणि सर काय म्हणाले?"

"म्हणाले, मेरा तो काम ही देखना है मैम, मैं क्या करूँ."

आईने शब्द पाळला, पण तिच्या पद्धतीने. शनिवारी ती वरच्या मजल्यावर यायचीच. फक्त कठड्याकडे पाठ करून, बर्गरच्या स्टॉलकडे तोंड करून बसायची आणि बाबांना समोर बसवायची, म्हणजे त्यांना बर्फ दिसेल.

"पडली का?"

"नाही."

"गुडघा कसा आहे?"

"आहेत दोन्ही."

हे मला बाबा गाडीत नक्कल करून सांगायचे आणि आई पुढच्या सीटवर बसून ऐकू न आल्यासारखं करायची. बाकीच्या आयांनी तिला फितूर ठरवलं. त्यांचे रुमाल आणि थर्मास पूर्ववत चालू होते. मला मोकळं वाटत होतं, खूप मोकळं. सरांनी घोटा पुन्हा पुन्हा दाबून पाहिला आणि शेवटी डबलला हो म्हटलं. मग मी पडत राहिले, सर मोजत राहिले आणि कंटाळून त्यांनी मोजायचं सोडून दिलं.

आणि एका शनिवारी ती जमली. दोन गिरक्या घेऊन मी एका पायावर उतरले आणि उभी राहिले. सर ओरडले, मुलींनी कठडा बडवला. मी वर पाहिलं. चष्म्यातून मला सगळं लख्ख दिसत होतं. हात हलवणाऱ्या आया, हातात चहाचा कप घेऊन अर्धवट उभे राहिलेले बाबा, आणि कठड्याला टेकलेली आईची पाठ. तिच्या कुर्त्याची शिवण, मानेवरचा अंबाडा. ती हलली नाही. ती पाठ बघून मला स्वतःचाच मनस्वी राग आला, कारण हे मीच मागून घेतलं होतं.

"आई!" मी ओरडले. मोठ्याने, मराठीत, अख्ख्या मॉलला ऐकू जाईल असं. "आई, बघ ना!"

तिने बाबांना काहीतरी विचारलं, बहुतेक बघू का म्हणून. मला थांबवेना. मी पुन्हा डबलसाठी धाव घेतली, पाय उचलला, वर गेले. ती पूर्ण वळून कठड्यावरून वाकली, तेव्हा मी बर्फावर साफ आडवी पडले होते.