दोन वर्षं पुढचं व्हायोलिन

"हौसाचं नाव कमी करा," आमचे सेक्रेटरी आप्पासाहेब म्हणाले. "वर्गाची अब्रू जातेय."

लढाईची वर्षं होती. सांगलीतल्या एका संगीतवर्गात मी व्हायोलिन शिकवत होते. हौसा आठ वर्षांची. वडील पलटणीत सुभेदार, गाव माण तालुक्यातलं. तिथं शिकवणारं कोणी नाही, म्हणून पोरगी इथं आत्याकडे ठेवलेली. वर्गातून काढली की ती थेट गावी जाणार आणि वाजवणं कायमचं सुटणार, हे उघड होतं.

ती बेसूर वाजवायची हे खरं. गंधार उतरलेला, मध्यम त्याहून उतरलेला. दोन महिने मी ओरडत होते, "कोपर आत घे, पाय जवळ घे." त्या दिवशी वैतागून म्हटलं, "वाजवू नकोस, नुसतं गा." तिनं सगळे स्वर चोख लावले.

म्हणजे कानात दोष नव्हता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिचा हात पाहिला. एवढं पाहायला मला दोन महिने लागले, याची लाज अजून वाटते.

आपण व्हायोलिन मांडी घालून वाजवतो. खालचं टोक छातीशी आणि वरच्या टोकाची कोरीव वेटोळी उजव्या घोट्यावर. तसं बसून डावा हात लांब केला, तर बोटं त्या वेटोळीभोवती सहज वळली पाहिजेत. हौसाची बोटं चार अंगुळं अलीकडेच थांबली. वेटोळी घोट्यावर टेकवायला तिनं पाय पुढं फेकला होता. बोट जागेपर्यंत पोचतच नव्हतं, मग स्वर उतरणार नाही तर काय?

सुभेदार दसऱ्यासाठी रजेवर आले होते. त्यांना बोलावून घेतलं.

"लय भारी आणलंय, बाई, पुण्यास्नं," ते म्हणाले. "दुकानदार म्हनला, लेकरू वाढतंय, मोठंच न्या. झगा बी आमी दोन वर्सं फुडचाच शिवतो की."

"झग्याला दुमड घालता येते, सुभेदार. याला कुठं घालू?"

"मग कवा बसंल मापाला?"

"चार वर्षांनी. तोवर हिचं मनगट राहायला हवं."

हौसा हळूच म्हणाली, "आत्ती रोज त्याल चोळती."

सुभेदारांनी तिचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मला मात्र त्या दुकानदाराला समोर उभा करावासा वाटला. चप्पलसुद्धा पायाला लावून देतात, आणि यानं मुलीचं तोंडही न पाहता व्हायोलिन विकलं!

व्हायोलिन पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव अशा मापांत मिळतं. अर्धं म्हणजे लांबीनं निम्मं नव्हे, जेमतेम तीन इंच कमी. हिला अर्धं हवं होतं, आणि लढाईमुळं बाहेरचा माल बंद होता.

माझ्या माहितीत सांगलीत अर्धं व्हायोलिन एकच होतं. आमच्याच वर्गात, आप्पासाहेबांच्या खुर्चीमागं काचेच्या कपाटात. कोणी मडम गाव सोडताना देऊन गेली होती. खंडेनवमीला बाकीच्या वाद्यांबरोबर त्याची पूजा व्हायची आणि पुन्हा कुलूप.

त्या वर्षीही ते पाटावर आलं. दसऱ्याला पूजा उतरवताना मी ते उचललं आणि हौसाच्या छातीशी लावलं. पाय जवळ आला. बोटं वेटोळीभोवती वळली.

"अहो बाई, ते पूजेतलं वाद्य! संस्थेची शोभा आहे ती," आप्पासाहेब म्हणाले.

"वर्षाला एक दिवस हळदकुंकू आणि बाकी कुलूप. आप्पासाहेब, पूजा वाद्याची करता की कपाटाची?"

"आणि मुलीनं फोडलं तर?"

सुभेदार दारातून आत आले. "आवं, आमचं मोठं ठिवून घ्या की कपाटात. न्हाईतरी पोरीला चार वर्सं लागत न्हाई त्ये."

आप्पासाहेबांनी मोठं व्हायोलिन उलटसुलट करून पाहिलं. पॉलिश झकास होतं. कपाट रिकामं राहणार नव्हतं, त्यामुळं हरकतही राहिली नाही. हौसाचं मनगट, तिचं शिक्षण, यावर एक शब्द नाही.

छोट्या गजाचे केस किड्यांनी खाल्ले होते. ते मिरजेच्या एका सतार करणाऱ्या चाचांकडून भरून आणले. दिवाळीनंतरच्या परीक्षेत हौसानं भूप वाजवला. गंधार जागेवर.

"मुलीचा कान सुधारला हो," आप्पासाहेब म्हणाले.

"कान तोच आहे," मी म्हटलं.

तेव्हापासून एखादं मूल बेसूर वाजवू लागलं, की मी आधी त्याचा हात मोजते. ओरडायचं असलं तर नंतर.