जड हवेचं गाव

त्या वर्षी मी एका ग्रहाबद्दल लिहीत होतो. मुलांसाठी पुस्तक करायचं मनात होतं. कळंबच्या घरात मधल्या खोलीत आबा खाटेवर, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. शाळेतलं लिपिकाचं काम उरकून आलो की मी वही घेऊन वडिलांच्या उशाशी बसायचो. ग्रह खोटा होता. बाकी इथं लिहितोय ते खरं आहे, निदान मला आठवतं तसं.

ग्रहावरची हवा मी ताकासारखी दाट केली होती. रंग फिका पिवळा. त्या हवेत कुणाला पळता येत नाही. माणसं पंजे हलवत, पोहल्यासारखी पुढं सरकतात. सकाळी मारलेली हाक दुपारी पोचते. दिव्याची ज्योत वर जात नाही, थेंबासारखी खाली लोंबते. एका श्वासावर दिवस निघतो, म्हणून कुणाला घाई नाही. राग आला तरी तो छातीतच पेंगतो.

आबांनी तरुणपणी मेंढरं वळलेली. पाऊस सरला की मढ गावावरून माळशेज घाट उतरून कोकणात. त्यांना माझ्या ग्रहाचं काही नवल वाटलं नाही.

"म्हंजी कोकनच की," ते म्हणाले. "खाली हवा जड. आमी कळप एकदम उतरवत नव्हतो. घाटाच्या वर दोन दिस तळ द्यायचा. मेंढराला हवा धरू द्यायची, थोडी थोडी. एकदम घातलं की ते आंधळ्यावानी चालतं. उभ्या उभ्या झोपतं."

"आबा, हा ग्रह आहे. तिथं घाट नाही."

"मग लोकं उतरत्यात कुठनं? तुज्या गावाला बी घाट आसंलच, लेका."

ग्रहाला ते गावच म्हणायचे. 'हवा धरणे' हे मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शब्द आवडला होता. त्यांनी काय सांगितलं, ते मात्र मला ऐकूच आलं नाही बहुतेक.

मशीनवर काचेची उभी नळी होती आणि तीत एक गोळी तरंगायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी दोनवर, वर न्यायची नाही. थोरल्या बहिणीचं, आक्काचं, सासर गावातच. आबांची वाफ, औषधं, जेवण सगळं ती येऊन करायची. दोनच्या रेघेवर तिनं आपली लाल टिकली चिकटवली होती. "चष्मा नसला तरी दिसंल," म्हणाली.

एका दुपारी आबांना फार धाप लागली. आक्का तिच्या घरी गेली होती. हवा कमी पडतेय तर जास्त द्यावी, एवढंच माझं डोकं चाललं. गोळी पाचवर नेली. पंधरा मिनिटांत ते निवले. आक्का यायच्या आत मी गोळी परत टिकलीवर आणली. का आणली? ती बोलेल म्हणून असेल. की मला तेव्हाच काही कळलं होतं? सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी आक्का नात्यातल्या हळदीला नारायणगावला गेली. मी रजा टाकून घरी. सकाळपासून गोळी पाचवर.

दुपारी आबा बोलायला लागले ते माझ्या ग्रहावरूनच. "हाक आली का रं? मगाशी मारली व्हती." मग दोन्ही हात समोर धरले. पंजे आपोआप फडफडत होते, पाखरासारखे. "काय करताय?" मी विचारलं. "पवतोय," म्हणाले.

मी हसलो. वही काढली. ते माझी चेष्टा करत होते, की माझी गोष्ट त्यांच्या अंगात भिनली होती? मला दोन्ही गोड वाटलं. मी चार पानं भरली. तेवढं चांगलं मी आयुष्यात लिहिलेलं नाही. शेवटी ते म्हणाले, "घाट कवा उतरलो आपन? तळ दिला न्हाईस." तेही लिहून घेतलं. मग ते झोपले.

दारात आक्काची चप्पल वाजली तेव्हा मी गोळी खाली आणली. आबा उठेनात.

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "मशीन कितीवर होतं?"

"दोनवर," मी म्हणालो.

शेजारून आक्का म्हणाली, "डॉक्टर, माझं चुकलं. हळदीच्या गडबडीत सकाळची वाफ द्यायची ऱ्हायली."

मी गप्प बसलो. आबा दवाखान्यातच चौथ्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, आतली खराब हवा बाहेर पडली नाही. अशा छातीला कधी जादा ऑक्सिजननं असं होतं, कधी आजारानंच. हात फडफडणं, बरळणं ही त्याचीच लक्षणं. म्हणजे मी लक्षणं लिहून घेत होतो. कशानं गेले, मला अजून कळत नाही. पण आक्काला कळलं होतं: तिनं वाफ चुकवली म्हणून. तेव्हापासून ती कुणाच्या हळदीला गेली नाही.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आक्का म्हणाली, "लग्नाला येईन. हळदीला आत्या न्हाई म्हणून कुणाचं अडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. सगळं सांगितलं.

"कितीवर?"

"पाचवर."

"टिकली दिसली न्हाई तुला?"

"दिसली."

ती शेंगा फोडत राहिली. म्हणाली, "सहा वर्सं मी त्या वाफेच्या भांड्याकडं बघितलं न्हाई." मग, "काय म्हणत व्हते आबा, ते वाच."

मी चारही पानं वाचली. 'तळ दिला न्हाईस' आलं तेव्हा तिचे हात थांबले. "जा आता," म्हणाली.

हळदीला ती आली. माझ्याशी बोलली नाही. मांडवात एका बाईनं ओंजळभर हळद मुलीच्या तोंडाला फासली, तसा आक्कानं त्या बाईचा हात धरला. "थोडी थोडी लाव," म्हणाली. बोलताना ती माझ्याकडं बघत होती की माझ्यामागच्या वाजंत्र्यांकडं, हे मला नीट कळलं नाही.