पुराची निळी दोरी

आमच्या ह्यांना 'नाही' म्हणता येत नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. दारात झाडू विकणारा आला, ह्यांनी झाडू घेतला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा आला, तर 'कालचा अजून कोराच आहे' म्हणायचं सोडून ह्यांनी आणखी एक घेतला आणि वर त्याला पाणीही विचारलं. आमच्या घरात केर कमी आणि झाडूच जास्त. मी चिडले की हे म्हणतात, "बघूया." मुलीने सहलीला पाठवा म्हटलं, बघूया. घरमालकाने भाडं वाढवतो म्हटलं, बघूया. ऑफिसात तर ह्यांचं नावच 'बघूयासाहेब' पडलंय, आणि ह्यांना वाटतं की ते प्रेमाने पडलंय.

ऑफिस म्हणजे शहराचं पूरनियंत्रण खातं. हे तिथे इंजिनियर आहेत, पण ह्यांनी आजवर एक साधा ओटासुद्धा आखलेला नाही. आखणारे वरच्या मजल्यावर बसतात. त्यांनी आखलेलं लोकांना समजावून सांगायला आणि त्याबद्दलच्या शिव्या खायला खालच्या मजल्यावरून ह्यांना पाठवतात. हे काम ह्यांना छान जमतं. लोक घसा कोरडा होईपर्यंत ओरडतात, मग ह्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून त्यांनाच कसंतरी व्हायला लागतं, आणि शेवटी कुणीतरी बाई घरातून चहा आणून देते. मोठ्या साहेबांनी हा गुण बरोबर हेरला आणि ह्यांच्या टेबलावर 'जनसंवाद अधिकारी' अशी पाटी ठेवली. पगार होता तोच राहिला.

अशात नदीकाठच्या खालच्या गल्लीत पूरभिंत बांधायचं ठरलं. त्या गल्लीत माझी आई राहते.

आई जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिने 'तोंड उघडा' म्हटलं की अजूनही माणसं आपोआप आ करतात. गल्लीत सगळे तिला 'बाई' म्हणतात आणि वचकून असतात. पण गुडघ्यांवर तिचा हुकूम चालत नाही. पलंगावरून उठायचं तर तिला कुणाचा तरी हात लागतो. मागच्या पुरात पाणी खिडकीशी आलं तेव्हा शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी तिला अक्षरशः पाठुंगळीला मारून बाहेर काढलं. त्यानंतर मी कितीदा म्हटलं, आई, चल आमच्याकडे राहायला. ती म्हणते, "तुझ्याकडे? पाय ठेवायला तरी जागा आहे का झाडूंमधून?" घर सोडायचं नाही म्हणजे नाही. म्हणून भिंतीची बातमी आली त्या दिवशी मला पहिल्यांदाच ह्यांच्या खात्याबद्दल आदर वाटला.

खात्याची एक पद्धत आहे. खणायला सुरुवात करण्याआधी भिंत जिथून जाणार तिथे चुन्याची फक्की मारतात आणि भिंतीच्या उंचीचे खांब रोवून ठेवतात, म्हणजे लोकांना आधीच कळावं की काय होणार आहे. ही रेघ गल्लीतल्या सगळ्यांच्या परसांतून, म्हणजे घरं आणि नदी यांच्यामधून गेली. आणि गल्ली पेटली.

बैठक शाळेच्या सभागृहात झाली. मीही गेले होते. शिवणकाम करणारी म्हणाली, माझ्या परसात ऊन येणार नाही. निवृत्त मास्तर म्हणाले, भिंतीवरून चोर येतील. पाण्याला अडवायला बांधलेल्या भिंतीवरून चोर बरे येतील, असं मी पुटपुटले, तर मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून चौथीतच आहे. मग आई उठली. म्हणजे तिला उठवलं.

"जावईबापू," ती भर सभेत म्हणाली, "तुमची ती पांढरी रेघ माझ्या लिंबाच्या मुळांवरून गेलीय. मी असेपर्यंत तिथे कुदळ पडणार नाही. भिंत काय, रस्त्याच्या बाजूनेही बांधता येते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे उठले, घाम पुसला आणि म्हणाले, "बघूया."

आता गंमत ऐका. वरच्या मजल्यावर ही मागणी गेली आणि मोठे साहेब खूश झाले. रस्ता सरकारचाच, कुणाचं परस घ्यायला नको, कोर्टकचेरी नको. भिंत स्वस्तात होत होती, वर लोकांची मागणी मान्य केल्याचं पुण्य. गल्लीही खूश, परसं वाचली. नदीकाठी भिंत बांधायची ठरल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं होतं. एकट्या आमच्या ह्यांना जेवण जात नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

ह्यांनी वाटी ठेवली, शेजारी ताट ठेवलं आणि ताटाच्या पलीकडे पोळपाट उभा धरला. "ही नदी. ही तुझी आई. आणि ही भिंत."

वाटी आणि ताटाच्या मध्ये काही नव्हतं. दोन्ही पोळपाटाच्या एकाच बाजूला होती.

"म्हणजे आई बाहेर?"

"अख्खी गल्ली बाहेर. वर पाण्याला पुढे जायला जागा नाही, म्हणून मागच्यापेक्षा जास्त चढणार. भिंतीत फाटकं ठेवलीत, पण पूर आला की ती बंद करावी लागतील. शहरात पाणी शिरू नये म्हणून."

"मग तुम्ही सांगितलं नाही लोकांना?"

"सांगितलं ना. पाण्याचा तात्पुरता शिरकाव संभवतो, असं सांगितलं."

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. "अहो, माझी आई आहे ती! तिला पाठीवर घेऊन कुठे जाणार ड्रायव्हरकाका, बंद फाटकाकडे? जरा ओरडा की! एकदा तरी नाही म्हणा!"

"आईंना?" हे म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीच भीती होती.

ओरडणं ह्यांच्या रक्तातच नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी रजा टाकली, स्वतःच्या खिशातून नायलॉनच्या निळ्या दोरीचं भलंमोठं बंडल आणलं आणि गल्लीत गेले. परसातून सुरुवात करून प्रत्येक घरात, भिंत रस्त्याने गेली तर पाणी जिथपर्यंत चढेल त्या उंचीवर, ह्यांनी दोरी बांधली. मागच्या दारातून आत, स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून पुढच्या दारातून बाहेर. उभ्या माणसाच्या गळ्याशी येत होती. दुसऱ्या कुठल्या अधिकाऱ्याला गल्लीने उंबरठा ओलांडू दिला नसता. पण ह्यांनी आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं, मग ह्यांना नाही कसं म्हणायचं? मास्तरांनी तर खिळे ठोकायला हातोडीही दिली. आईच्या खोलीत दोरी पलंगाच्या बरोबर वरून गेली.

"हे काय लावलंय?" आईने विचारलं.

"पाणी," हे म्हणाले. "पुढच्या बैठकीपर्यंत राहू द्या आई. मग वाटलं तर काढून टाका."

तीन दिवसांनी आईचा डबा घेऊन आम्ही दोघं गल्लीत गेलो. मी दारातच थबकले. आईच्या माजघरात, ह्यांच्या पुरावर, दोन चादरी आणि एक परकर वाळत घातला होता. शेजारी डोकावले, तर ड्रायव्हरकाकांच्या पँटी. शिवणकाम करणारीने गिऱ्हाइकांचे ब्लाऊज ओळीने टांगले होते. मास्तरांनी वर्तमानपत्रं अडकवली होती. सबंध गल्लीत कधी नव्हे ती कपडे वाळत घालायची सोय झाली होती.

"चांगली मजबूत आहे हो दोरी," शिवणकाम करणारी ह्यांना म्हणाली. "थोडी उरली असेल तर गच्चीवर पण बांधाल का?"

आणि आमचे हे तिच्या गच्चीवर दोरी बांधायला गेले! मला रडावं की हसावं कळेना. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण इथे गाढवं एवढी गुणी की त्यांनी गीतेवर कपडे वाळत घातले. परत येताना मी ह्यांच्या चार पावलं पुढे चालले. मला त्या गल्लीचा राग आला होता, खात्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त ह्यांचा आला होता.

शेवटच्या बैठकीला स्वतः मोठे साहेब आले. कोरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. म्हणाले, "लोकांच्या इच्छेपुढे आम्ही कोण? भिंत रस्त्याच्या बाजूने होईल. हात वर करा म्हणजे झालं." हे कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते.

"थांबा," आई म्हणाली. "मला उठवा आधी."

दोघांनी तिला उठवलं.

"काल दुपारी मी चादरी काढल्या," ती म्हणाली. "मग आडवी झाले. वर नुसती दोरी. म्हटलं बघू तरी, हात पोचतो का. नाही पोचला. पलंगाला धरून बसायला गेले, तर गुडघा धरला, बसताच येईना. तशीच पडून राहिले दोरीकडे बघत. शेवटी कामवाली आली, तिने उठवलं. दवाखान्यात बुडालेली माणसं यायची. तोंडं कशी होतात ते माहीत आहे मला."

मग ड्रायव्हरकाका खाकरले. "मी पण बघितलं होतं. पलंगावर ताठ बसलो. डोकं दोरीच्या खालीच राहिलं."

"मी टेबलावर चढून बसलो होतो," मास्तर हळूच म्हणाले. "तरी छातीशी आली."

शिवणकाम करणारी पदर तोंडाला लावून बसली होती. तेव्हा मला कळलं, कपडे वाळत घालता घालता सगळ्यांनी दारं लावून चोरून मापून बघितलं होतं, आणि कुणीच कुणाला बोललं नव्हतं.

"माझं लिंबाचं झाड तोडा," आई मोठ्या साहेबांना म्हणाली. "भिंत मागूनच न्या. आणि जावईबापू, झाड तुम्हीच तोडायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

"हो आई," हे म्हणाले.

भिंत परसातून झाली. मोठ्या साहेबांनी वर कळवलं की आपण लोकांना पटवून दिलं. मास्तर सांगतात की मागणी मुळात गल्लीचीच होती. आई येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते की जावयाने माझं परस खाल्लं. आणि ह्यांना दुसऱ्या गल्लीत शिव्या खायला पाठवलं.

पुढच्या वर्षी नदी चढली. पंप आणि माणसं घेऊन हे दोन दिवस भिंतीवर होते. पाणी भिंतीच्या काठाच्या जेमतेम वीतभर खाली येऊन थांबलं आणि उतरलं. सकाळी हे घरी आले, दारातच बसून बूट काढायला लागले, तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय गं, पूर आला होता म्हणे?"

"म्हणे काय आई? अख्खं शहर जागं होतं!"

"मला काय कळणार? दिसलं नाही, आवाज नाही. आत्ता दूधवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं. एवढा मोठा पूर आला आणि मी मेली पडून होते पलंगावर, घोरत. लोकांना कळवायची काही रीत आहे की नाही तुमच्या खात्यात? दे त्यांना फोन."

मी फोन ह्यांच्या कानाला लावला. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे आई," म्हणाले, "तुमची तक्रार अगदी बरोबर आहे." आणि एक बूट पायात, एक हातात, असे उंबरठ्यावर बसल्या बसल्या हुंदके देऊन रडायला लागले. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं.

फोनमधून आई विचारत होती, "काय गं, रागावले का ते?"