गाडीतला गारठा

फोरमन निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं. चौतीस वर्षं बस डेपोत काढलेला माणूस. इंजिन चालू झालं की डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी दुखतंय." आणि बहुतेक वेळा तिसऱ्याचंच दुखत असायचं.

डेपोत त्यांचं एक वाक्य गाजलेलं होतं: जी वस्तू गाडीत नाही, ती बिघडत नाही. वाटेत बस बंद पडली की शिव्या फोरमनला बसायच्या, म्हणून जे जे म्हणून अडकण्यासारखं, ते ते हे काढून टाकायचे. सवय अशी हाडीमासी खिळली की घरीही तेच. बाहेरची घंटा दोनदा अडकून वाजत राहिली, तर ती गेली. न्हाणीघराची कडी अडकायला लागली, तीही गेली. तेव्हापासून त्यांच्या बायकोला अंघोळ करताना गुणगुणत राहावं लागायचं, म्हणजे आत कुणीतरी आहे हे बाहेर कळावं.

बायको शिवणकाम करायची. अर्ध्या गावाच्या अंगावर तिची शिलाई होती म्हटलं तरी चालेल. दोन महिन्यांपूर्वी ती ओल्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं काही केल्या उघडेनात. मूठ अर्धवट मिटलेली, जणू आत काहीतरी जपून धरलंय. आठवड्यातून तीनदा सकाळी आठला मोठ्या दवाखान्यात व्यायामाला जायचं. तिथल्या व्यायामवाल्या बाई रोज एकच सांगायच्या, "हात गरम असेल तर बोटं ऐकतात, ताई. गारठलेला हात घेऊन आलात की आपला अर्धा तास तो ऊबदार करण्यातच जातो."

आणि हात गारठायचा तो गाडीत. पस्तीस मिनिटांचा रस्ता, थंडीचे दिवस. हीटर पूर्ण लावला तरी त्यातून यायची ती कोमट फुंकर. गरम पाण्याची पिशवी घेतली तर ती निम्म्या वाटेत गार. बायकोने हातावर दोन मोजे एकावर एक चढवून पाहिले, शाल गुंडाळून पाहिली. शुक्रवारी परत येताना खिडकीबाहेर बघत ती म्हणाली,

"सोमवारपासून मी नाही यायची."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही यायची. त्या बाई बोटं ओढतात ना, जीव जातो. आणि हाती काय लागतं? मशीन विकून टाका त्यापेक्षा."

फोरमननी नुसता गिअर बदलला. पण शिलाई मशीन विकायची गोष्ट या बाईच्या तोंडून निघाली, म्हणजे पाणी गळ्याशी आलंय एवढं त्यांना कळलं.

शनिवारी सकाळी त्यांनी अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. आधी हीटरचे दोन्ही पाइप काढून पाणी आरपार सोडलं. स्वच्छ. पंखा ठीक. मग इंजिन चालू करून त्यांनी रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर हात ठेवला. गाडी नीट असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. इथे तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट व्हायला लागला. आत तापमानाचा काटा तळाशीच लोळत पडलेला.

"थर्मोस्टॅट," फोरमन स्वतःशीच म्हणाले. "उघडाच अडकून बसलाय."

ते स्कूटर काढून सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार एकेकाळी डेपोत त्यांच्याच हाताखाली होता. आता पोट सुटलेलं, चष्मा नाकावर, पण फोरमन दिसले की अजून उठून उभा राहायचा.

"थर्मोस्टॅट दे. माझ्या गाडीचा."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "कुणाला हवाय?"

"मला. ऐकू येत नाही का?"

"ऐकू येतंय, पण पटत नाहीये. तुम्हीच आम्हाला पिंपभर थर्मोस्टॅट भंगारात टाकायला लावलेत. आठवतंय? उकळली गाडी की काढ ती झडप, फेकून दे."

"ते बसचं होतं. रस्त्यात माणसं ताटकळायची."

"बरं, बसचं." त्याने हसू मिशीत लपवलं आणि खोका काढला. "गॅस्केट मात्र संपलंय. कागद देतो, घरी कापून घ्या. तुम्हाला काय सांगायचं."

न तपासलेला भाग गाडीत बसवायचा नाही, हा डेपोतला दुसरा नेम. फोरमन सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"ते दुधाचं पातेलं आहे."

"नवीकोरी वस्तू आहे, काही होत नाही. इकडे ये, बघ."

त्यांनी ती पितळी झडप दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली. लहान बशीएवढी चकती, मध्ये झाकण, खाली स्प्रिंग. दोघं डोक्याला डोकं लावून पातेल्यात बघत राहिली. पाण्याला बुडबुडे यायला लागले तरी काही नाही.

"बिघडलेली दिली वाटतं तुमच्या चेल्याने."

"थांब गं."

आणि मग ते झाकण हलकेच वर उचललं गेलं. कुणी हात न लावता, झोपेतून डोळा उघडावा तसं. बायको नकळत आणखी पुढे वाकली.

"ही काय करते नेमकं?"

"पाणी तापेपर्यंत इंजिनातच अडवून धरते. रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पुरेसं तापलं की दार उघडते. अडवलेलं पाणी लवकर तापतं आणि त्याचीच ऊब हीटरला मिळते. ही सारखी उघडीच राहिली तर पाणी आपलं गार होत फिरत राहणार."

"खिडकी उघडी टाकून शेगडी पेटवल्यासारखं."

"अगदी तसंच," फोरमन म्हणाले, आणि इतकं सोपं आपल्याला कधी सुचलं नाही म्हणून त्यांना जरा रागही आला.

इंजिन पूर्ण गार झाल्याची खात्री करून त्यांनी खाली टब लावला, रेडिएटरचं तळाचं बूच सैल केलं आणि हिरवं पाणी सोडलं. ते नको नको म्हणत असताना बायको डाव्या हातात ताटली घेऊन शेजारी उभी होती, नट ठेवायला. थर्मोस्टॅट शोधायचा म्हणजे वरच्या जाड पाइपाचं बोट धरून चालायचं. तो रेडिएटरकडून इंजिनाला जिथे भिडतो, तिथे अल्युमिनियमची एक वाकडी टोपी असते. त्या टोपीखाली तो बसलेला असतो. फोरमननी क्लिप ढिली केली, पाइप पिळून काढला, मग दोन बोल्ट. दुसरा बोल्ट कुरकुरत निघाला. टोपीला लाकडी हातोडीचा हलका ठोका दिला, ती सुटली.

आत काही नव्हतं.

गोल, काळपट, रिकामी खोबण. फोरमननी बोट घालून पाहिलं. जणू थर्मोस्टॅट आत सरकून बसला असेल.

"जुनी कुठाय?" बायकोने ताटली पुढे केली.

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? पडली?"

"कुणीतरी काढलेली दिसते," फोरमन म्हणाले. "हे मेकॅनिक लोक असेच. कटकट नको म्हणून..."

"कुणी काढली?"

"असेल कुणीतरी."

"अहो, या गाडीला तुमच्याशिवाय कुणी हात लावलाय कधी? चाकात हवा भरायला सुद्धा तुम्ही दुसऱ्याला देत नाही."

फोरमन खोबणीकडेच बघत राहिले. एव्हाना त्यांना सगळं आठवलं होतं. बारा वर्षांपूर्वीचा उन्हाळा, घाटात गाडी उकळलेली, कडेला उभं राहून घाम पुसत त्यांनी झडप काढली होती आणि दरीत भिरकावली होती. दहा मिनिटांचं काम. सोबत बायको होती, झाडाखाली बसली होती. नवी टाकू नंतर, असंसुद्धा मनात आलं नव्हतं. नसलेली वस्तू बिघडत नाही.

"मीच काढली," ते म्हणाले. "घाटात. तू होतीस तेव्हा."

"बारा वर्षं झाली त्याला."

"हो."

"बारा वर्षं मी म्हणत्येय, अहो, गाडीत गारठायला होतं. तुम्ही काय म्हणायचात?"

त्यांना आठवत होतं. पण तिनेच सांगितलं.

"गाडी ठणठणीत आहे, म्हणायचात. तुझंच रक्त थंड पडलंय, वय झालं आता. मला खरं वाटायला लागलं होतं हो." ताटली तिने गाडीच्या बंपरवर ठेवली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. ती घरात निघून गेली.

फोरमन उभे राहिले, मग बसले, मग उठले. आयुष्यात त्यांनी अधिकाऱ्यांशी भांडणं केली, चालकांना झापलं, पण चूक झाली हे शब्द म्हणायची वेळ आली की काहीतरी घट्ट करायला पाना उचलायचे. आताही त्यांनी पातं उचललं आणि टोपीच्या सांध्यातून पाणी गळू नये म्हणून लावलेलं जुनं कागदी गॅस्केट खरवडायला घेतलं. खरवडता खरवडता त्यांना त्यांचे बसवाले दिसायला लागले. पहाटेच्या गाडीवरचा तो बुटका चालक, पायांना पोतं गुंडाळून चालवणारा. "फोरमन, केबिनमध्ये पाय गोठतात." आणि आपण काय म्हणालो? "जाड मोजे घाल." किती जणांना किती मोजे घालायला लावले.

खरवडून झालं. मग त्यांनी टोपी कागदावर ठेवली, पेन्सिलीने गिरवलं आणि घरातल्या बोथट कात्रीने कापायला लागले. पहिलं वेडंवाकडं झालं. दुसऱ्याला बोल्टाचं भोक कडेला गेलं. त्यांनी तिसरा कागद पुढे ओढला.

"हे काय कापणं झालं?"

बायको पुन्हा येऊन उभी होती. तिच्या डाव्या हातात कपड्याची मोठी कात्री होती. त्या कात्रीला या घरात कुणी हात लावत नसे. एकदा मुलीने शाळेच्या कामासाठी त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता, तर तीन दिवस अबोला झाला होता. कागदाने धार जाते.

"ती नको," फोरमन म्हणाले. "धार जाईल."

"मी कापत्येय का सध्या काही? धरा."

त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

"पेन्सिलीच्या आतून नाही, रेघेवरून. कात्री नका फिरवू, कागद फिरवा. कापड फिरवायचं असतं, कात्री एका जागी. असं. सावकाश. कुठे बस सुटत्येय?"

तिने आपली मिटलेली उजवी मूठ कागदाच्या टोकावर वजनासारखी ठेवली होती, कागद हलू नये म्हणून. फोरमन कापत गेले. कागदाची गोल कड तिच्या मुठीजवळ आली तसे ते थांबले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "झडपेचं नाही. म्हणजे झडपेचंही. पण ते रक्ताचं बोललो ते."

बायको कागदाकडेच बघत होती. "पुढे कापा. अर्ध्यात सोडू नका."

गॅस्केट असं नेटकं उतरलं की कारखान्यातलं वाटावं. फोरमननी झडप खोबणीत ठेवली, स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, हवेचं बारीक छिद्र वर. टोपी बसवली आणि दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडेथोडे आवळले. अल्युमिनियम असतं, जास्त जोर केला की तडकतं. पाइप जोडला, बूच आवळलं, पाणी भरलं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण लावून इंजिन चालू केलं, पाइप दाबून दाबून आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढली. वरचा पाइप गार होता. पाच मिनिटं झाली, तरी गार. फोरमननी त्यावरचा हात काढला नाही. आणि मग एकाएकी हाताखाली पाइप तापला, इतका की तो सोडावा लागला. त्यांनी रेडिएटरचं पाणी थोडं वाढवलं, झाकण लावलं.

"बस आत."

बायको पुढच्या सीटवर बसली. ते आपल्या जागी बसले, दारं लावून घेतली. तापमानाचा काटा तळातून निघून मधोमध येऊन उभा होता. बारा वर्षांत तो तिथे त्यांनी पाहिला नव्हता, आणि तो तिथे नाही हेही पाहिलं नव्हतं.

तिने उजव्या हातावरचे दोन्ही मोजे दातांनी ओढून काढले आणि हात हीटरच्या जाळीसमोर धरला. काही वेळ नुसता धरून ठेवला. मग डाव्या हाताने ती एकेक बोट हळूहळू मागे न्यायला लागली, त्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे. करंगळी जराशी उघडली. मधलं बोट नाही. तिच्या कपाळाला आठी पडली. फोरमननी समोर बघितलं, तिच्याकडे लक्षच नाही असं दाखवत.

"डेपोत अशा झडपा किती काढल्यात हो?"

"मोजल्या नाहीत."

"मग सगळ्यांच्या घरी जाऊन चुकलं म्हणून सांगायला निघायचं म्हटलं तर या जन्मी पुरं व्हायचं नाही."

"नाही व्हायचं."

"मग माझ्यापासून सुरुवात झाली तेवढी बरी झाली."

फोरमननी हीटरचा पंखा एक घर वाढवला. ती म्हणाली, "राहू दे, आवाज होतो." त्यांनी परत कमी केला. काचेवर आतून वाफ धरली होती, अंगण धूसर दिसत होतं. तिने पुन्हा मधल्या बोटाला हात घातला.

"सोमवारी किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.

"सव्वासातला."

"सातला निघू," ती बोट ओढत म्हणाली. "नदीकडच्या रस्त्याने घ्या. तो लांब पडतो."