पाणी नसलेली जागा

कळंबच्या रस्त्यालगत एका बंगल्याच्या आवारात बोअर मारायचं काम चाललं होतं. मशीन सुरू असलं की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. खिशातला मोबाईल थरथरला तसा मी सुरूच्या झाडांकडे गेलो आणि कानाला लावला. सामंतवहिनी होत्या. "शेठ, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, कुठे गेले? खरंच असं विचारलं... सामंत सकाळी बाजारातून मासळी घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली, प्यायला पाणी मागितलं आणि भांडं हातात येण्याआधीच खाली बसले. ते उठलेच नाहीत. आता काही आठवडे उलटले, तरी ते वाक्य मला नीट कळलंय असं वाटत नाही. त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही तुळिंजच्या टेकडीखाली भेटणार होतो. ठरलेला व्यवहार असा अर्ध्यावर टाकून कुणी जातं का?

डॉ. सामंत मुंबईतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करत. वसईत त्यांनी फ्लॅट घेतला, त्यांच्या सोसायटीच्या बोअरला खारं पाणी लागलं आणि नव्या बोअरसाठी मला बोलावणं आलं, तिथून आमची ओळख. मी साताऱ्याकडून आलेला. दुसऱ्याच्या मशीनवर पाइप उचलत वाढलो आणि मग स्वतःचं मशीन उभं केलं. शिकलेल्या माणसांशी बोलताना मी आधीच आवाज चढवून ठेवतो. पण सामंत पँट दुमडून चिखलात उतरले, बोअरमधून आलेली भुकटी तळहातावर घेतली आणि चक्क जिभेला लावली. "शेठ, अजून खाली जाऊ नका. खारं लागेल," म्हणाले. मी हट्टाने गेलो आणि खारं लागलं. त्यानंतर ते सुट्टीच्या दिवशी जिथे माझं काम असेल तिथे येऊन मशीनशेजारच्या फळीवर बसू लागले.

माझ्याबरोबर स्वतःचं मशीन घेतल्यापासून पास्कूभाऊ आहेत. इथलेच जुने शेतकरी, आणि आमचे पाणाडी. तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवून शेतातून चालतात. पाण्यावर आले की नारळ उभा राहतो. गिऱ्हाईक आधी त्यांना विचारतं, मग मला. त्यांनी दाखवलेल्या जागी पाणी लागलं नाही असं क्वचितच झालं. म्हणूनच माझ्या डोक्यात आलं की या विद्येवर नालासोपाऱ्यात संशोधन केंद्र काढावं. सरकार विज्ञानाला पैसा देतंच, मग याला का नको? मी मोठ्या खटपटीने प्रस्ताव केला. बंगलेवाल्यांच्या, वाडीवाल्यांच्या सह्या घेतल्या. तो ज्या समितीपुढे गेला तिने मत मागितलं ते नेमकं सामंतांचं. ओळख असल्याचं त्यांनी समितीला सांगितलं, तरीही समितीवाले मत द्या म्हणाले, आणि यांनी दिलं. पैसे देऊ नयेत.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. तोंडाला येईल ते बोललो. माझ्या फळीवर बसून माझा चहा पिणारा माणूस पाठीत सुरा खुपसतो, हेही बोललो.  सामंत म्हणाले की नारळाला ते थोतांड म्हणत नाहीत, तसं लिहिलेलंही नाही. पण पाणी लागलं की विद्या खरी, आणि नाही लागलं की कुणाचा तरी विटाळ झाला, मशीन हातभर सरकलं, भाऊंनी सकाळी मासळी खाल्ली होती... "चुकण्याची सोयच नसलेल्या गोष्टीवर लोकांचा पैसा कसा लावायचा, शेठ?"

"आणि तुमच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं निकाल न लागता जातो तो कुणाचा पैसा?"

"लोकांचाच. पण तिथे चुकलो तर चुकलो असं लिहावं लागतं. तुम्ही मला एकच सांगा. आपल्या किनाऱ्याच्या रेतीत कुठेही खणलं तरी पाणी लागतं. मग भाऊंनी पाणी दाखवण्यात काय मोठंसं? त्यांना म्हणावं, पाणी कुठे नाही ते दाखवा."

मी दार आपटून निघालो. पुढे फार दिवस बोललो नाही. तो राग अजून गेलेला नाही आणि मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं म्हणून मी तो लपवणारही नाही. मित्राने निदान आधी मला सांगायला हवं होतं.

शेवटी गेल्या पावसानंतर मीच निरोप धाडला. होऊन जाऊ दे परीक्षा. पाणी आहे आणि पाणी नाही, अशा दोन्ही जागा पास्कूभाऊ दाखवतील. तितक्याच जागा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या. कुठली जागा कशाची हे मशीनवाल्या पोरांना कळू द्यायचं नाही. माझी अट एकच: भाऊ खरे ठरले तर सामंतांनी आपल्या हाताने समितीला कळवायचं. त्यांनी लगेच हो म्हटलं, तुळिंजची जागा आणि रविवारही ठरला. वर म्हणाले, "तसं झालं तर मला तुमच्याहून जास्त आनंद होईल." घासाघीस न करता हो म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. या माणसाचा तो कधी आला नाही, याचंही मला तेव्हा नवल वाटलं नव्हतं...

सामंतांचे दिवस झाल्यावर मी त्यांच्याशिवायच मशीन घेऊन तुळिंजला गेलो. पास्कूभाऊ टेकडीच्या पायथ्याशी चालले. एका ठिकाणी थांबले. नारळ हलला नाही. "हितं पानी नाय, शेठ." मी बोअर मारायला लावला. पाइपावर पाइप जोडत गेलो, वर नुसती राखाडी धूळ येत राहिली. कोरडी ठणठणीत. भाऊंनी छाती फुगवली. "आता बोलवा तुमच्या सायबाला."

मी जिंकलो होतो. माझ्या तोंडून मात्र निघालं, "भाऊ, खडक तर वर उघडाच दिसतोय. इथे पाणी नाही हे नारळाशिवाय मीही सांगितलं असतं."  भाऊ नारळ पिशवीत टाकून, पाठ फिरवून चालू लागले. मी त्यांना हाक मारली नाही. 

जागेचा मालक रोज सांगतो, ते भोक बुजवा. मी त्यावर लोखंडी झाकण बसवलंय, बुजवत नाही. परीक्षा झालेली नाही. अजून बोअर मारायचे आहेत, भाऊंनाही समजावून आणीन. पण चिठ्ठी उचलायला मी माझा हात पुढे करणार नाही. मला कोणता निकाल हवा आहे, आणि त्यासाठी कोणती चिठ्ठी, हे मला माहीत आहे.