बन्नी आजी

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलेलो. पण आमच्या घराण्याचा इतिहास मला तोंडपाठ होता, आणि तो मी कुणालाही ऐकवायचो, तो विचारो न विचारो.

इतिहास असा. इथल्या खाडीला पहिला बांध घातला आमच्या बन्नी आजीने. पदर खोचून भरतीच्या पाण्यात उभी राहिली, चिखल रचला आणि खाऱ्या जमिनीतून भात काढला. तिच्या आधी इथे नुसती तिवरं आणि खेकडे. म्हणून सर्वपित्रीला पान ठेवलं की आम्ही कावळ्याला ‘काव काव’ करत नाही. तिच्या नावाने हाक मारतो. बन्नी, बन्नी. माझा बाप मारायचा, त्याचा बाप मारायचा. अख्ख्या गावात असं दुसरं कुणी करत नाही. म्हणजे पहिले आम्ही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटला प्रेसवर कामाला होतो तेव्हा आमच्या शेडमध्ये साताऱ्याचा, जळगावचा, मालवणचा, जौनपूरचा, केरळचा, सगळ्या मुलखांतले होते. डबा खाताना मी एकेकाला विचारायचो, तुझं गाव कुठलं? तो सांगायचा. मग मी म्हणायचो, माझं हेच. मालवणवाला एकदा वैतागला. म्हणाला, “मग तुझे पूर्वज काय खाडीतून उगवले?”

“हो. तिवरासारखे.”

सगळे हसले. मी मात्र खरंच बोललेलो.

आता गावाला चारी बाजूंनी बिल्डिंगींनी वेढलंय. शेतं गेली, बांधही गेला. राहिली आमची विहीर आणि तिचा कट्टा. बाजूला उंबर आहे, दारात बायको सुकट वाळत घालते, त्यामुळे कावळे काय ते इथेच. बिल्डिंगींत खिडक्यांना जाळ्या आणि गच्चीला कुलूप. पितृपक्षात लोक पान घेऊन माझ्याकडे विचारायला येतात. मी कुणाला ठेवू देत नाही. कट्टा बन्नी आजीच्या वंशाचा.

यंदा सर्वपित्रीला समोरच्या बिल्डिंगीतली कानडी बाई आली. साठीची असेल. नवरा हॉटेल चालवायचा, तो दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगी परदेशात. बाईच्या हातात केळीचं पान, त्यावर भात.

“काका, मागच्या वर्षी खिडकीत ठेवला. संध्याकाळपर्यंत कोण आला नाही. मुंग्या लागल्या. आमचे हे कधी कुणाला उपाशी पाठवले नाहीत, आणि मी त्यांना उपाशी ठेवला. इथे एका कोपऱ्यात ठेवू?”

“नाही,” मी म्हटलं. “हा कट्टा इथल्या मूळ लोकांचा आहे.”

बायको दारातून म्हणाली, “ठेवू द्या तिला. कावला काय दाखला बघतं का?”

“तू गप ऱ्हा.”

बाई भांडली नाही. गेलीही नाही. थोडी लांब सरकून पान धरून उभी राहिली. मी माझं पान मांडलं. भात, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. हात जोडले आणि बापासारखी खणखणीत हाक दिली, “बन्नी, बन्नी.”

तर बाई चालत पुढे आली. सरळ कट्ट्यापाशी येऊन माझ्या पानाला लागून आपलं पान ठेवलं आणि मला वाकून नमस्कार केला. डोळे भरून आलेले.

“बाई, तुम्हाला नाही म्हटलेलं ना मी?”

“आधी नाही म्हटलं. मग बोलावलं.”

“मी कुठे बोलावलं?”

“आत्ता. बन्नी, बन्नी म्हणाले.”

“ते आमच्या आजीचं नाव आहे.”

तिने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, “काका, बन्नी म्हणजे ‘या’. पाहुणा दारात आला की आम्ही तेच म्हणतो. या, या.”

मला वाटलं, पान ठेवायला मिळावं म्हणून थाप मारतेय. मी तसाच अनवाणी नाक्यावर गेलो. तिथे इडलीवाला आहे, तोही कानडी. त्याला काही विचारायचं नाही, फक्त शब्द टाकायचा असं ठरवलेलं. समोर उभा राहिलो आणि म्हटलं, “बन्नी.”

त्याचा चेहरा उजळला. “बन्नी काका, बन्नी, बन्नी,” म्हणत त्याने स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवलं.

मी बसलो. ती आजी मला किती स्पष्ट दिसायची. तिची नथ, चिखलाने भरलेल्या पोटऱ्या. ती कुणी नव्हतीच? बांधाची गोष्ट बापाने सांगितलेली की माझी मीच वाढवत नेलेली, तेही आठवेना. ठाण्याला राज्य केलेल्या शिलाहार राजांची मुळं कानडी मुलखाकडची असं म्हणतात, हे माझा मुलगा मागे एकदा सांगत होता. राजा काय एकटा येतो का, म्हणत होता. मी त्याला उडवून लावलेलं.

कधीतरी कुणीतरी तिकडून आलं असणार. भाषा विसरलं, गाव विसरलं, इथलं होऊन गेलं. पण घरातलं जे पहिलं माणूस इथे मेलं, त्याला मराठी येत नसणार. मग त्याला जेवायला बोलवायचं कुठल्या भाषेत? तेवढा एक शब्द राहिला. आणि तोच शब्द उच्चारून मी आयुष्यभर लोकांना हाकलत होतो.

इडलीवाल्याने पाणी दिलं. ते मी प्यायलो नाही.

परत आलो तर दोन्ही पानं तशीच. बायको म्हणाली, “अजून कावला नाय बसला.” बाई मला बघून आपलं पान उचलायला वाकली.

“राहू द्या,” मी म्हटलं. “आमच्यात बोलावलेल्याला परत पाठवत नाहीत.”

“कधीपासून?” बायको म्हणाली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

“हाक पण तुम्हीच मारा, बाई. आमचा उच्चार जुना झालाय.”

तिने पदर सारखा केला आणि हाक मारली. माझ्यासारखी खणखणीत नाही. दारातल्या माणसाला म्हणावं तशी, मऊ. ‘बन्नी’ असं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि उंबरावरून एक कावळा खाली उतरला.

आधी कुणाच्या पानाला शिवला, ते मी सांगणार नाही.